‘आम्ही’मधली ‘मी’ : मल्लिका अमर शेख, फदवा तुकान आणि राजकीय कवितेचे व्याकरण

मल्लिका अमर शेख यांचा उल्लेख मराठी समीक्षेत सहसा दोन ठिकाणी येतो. नामदेव ढसाळांवरील लेखनात ओझरता, आणि स्त्रियांच्या आत्मकथनांच्या चर्चेत ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या पुस्तकाच्या निमित्ताने थोडा विस्ताराने. ‘राजकीय कविता’ या सदराखाली मात्र त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते. ही गोष्ट चमत्कारिक आहे. राजकीय कवितेच्या इतक्या निकट वाढलेली दुसरी कवयित्री मराठीत दाखवणे कठीण. वडील शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल (१९१६-१९६९). लाल बावटा कलापथक, कम्युनिस्ट चळवळ आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांचा तो खडा आवाज. आई कुसुम जयकर. पती दलित पँथरचे एक संस्थापक आणि ‘गोलपिठा’चे (१९७२) कवी. घरात येणारे वर्तमानपत्र, पाहुणे, वाद, गाणी यांपैकी काहीच अराजकीय नव्हते. असे असूनही त्यांच्या चार संग्रहांची, म्हणजे ‘वाळूचा प्रियकर’ (१९७९), ‘महानगर’ (१९९३), ‘देहऋतू’ (१९९९) आणि ‘माणूसपणाचं भिंग बदलल्यावर’ (२००७) यांची चर्चा आपण ‘स्त्रीवादी’ किंवा ‘आत्मपर’ या खणांत उरकतो. कोणती कविता राजकीय मानायची याविषयीच्या आपल्या कल्पनेतच काही गफलत आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

हा प्रश्न मला प्रथम पडला तो रत्नागिरीत पदव्युत्तर वर्गाला शिकवताना. विषय दलित कविता आणि स्त्रीनिष्ठ जाणिवा असा होता. राजीवड्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, ज्या बाईच्या घरातच चळवळ होती तिने चळवळीची कविता का लिहिली नाही?” घरातच चळवळ असेल तर कविता चळवळीचीच व्हायला हवी, हे तिला स्वाभाविक वाटत होते. त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे काही दिवसांनी फदवा तुकान या पॅलेस्टिनी कवयित्रीची आत्मकथा वाचनात आली आणि त्या मुलीचा प्रश्न उलट्या दिशेने विचारलेला तेथे सापडला. ही विद्यार्थिनी लहानपणी मदरशात अरबी अक्षरे गिरवलेली. आखाती देशांत घरातले कोणी ना कोणी नोकरीला असणे हे कोकणी मुसलमान कुटुंबांत सत्तरच्या दशकापासून नित्याचे झाले आहे. त्यामुळे अरबी कवयित्री ही आमच्या वर्गाला वाटावी तितकी दूरची नव्हती. मला स्वतःला अरबी येत नाही, तुकान यांचे लेखन मी इंग्रजी अनुवादांतून वाचले आहे. या लेखातील त्यांच्याविषयीची विधाने त्या मर्यादेतच घ्यावीत.

फदवा तुकान (१९१७-२००३) नाब्लुसच्या एका प्रतिष्ठित घराण्यातल्या. वडील राष्ट्रीय वृत्तीचे, ब्रिटिशांनी इजिप्तला हद्दपार केलेले. थोरले बंधू इब्राहिम तुकान (१९०५-१९४१) हे पॅलेस्टिनी राष्ट्रीय काव्याचे अग्रणी, ‘मौतिनी’ या गीताचे कर्ते. म्हणजे हेही राजकारणाने भरलेले घर. याच घरात वाटेवर एका मुलाने मोगऱ्याच्या जातीचे फूल दिले एवढ्या कारणावरून या मुलीची शाळा बंद झाली आणि तिला उंबऱ्याच्या आत ठेवण्यात आले. इब्राहिमने तिला घरातच काव्यशास्त्र शिकवले. १९४१ मध्ये त्याचा अकाली मृत्यू झाल्यावर वडील तिच्या खोलीत येऊ लागले आणि भावाची जागा तू भरून काढ, राजकीय कविता लिही, असे सांगू लागले. आत्मकथेतील हा प्रसंग माझ्या मते साहित्यशास्त्राच्या दृष्टीनेही मोलाचा आहे. जिला सभेला जाता येत नाही, पुरुषांच्या चर्चा ऐकता येत नाहीत, रस्ता माहीत नाही, तिने राष्ट्राची कविता कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या तर्काने लिहावी, असे तिने स्वतःला विचारले. ती लिहू शकली नाही. लिहिता येत नाही म्हणून तिला अपराधीही वाटत राहिले. वडील १९४८ मध्ये वारले. त्याच वर्षी देश मोडला, निर्वासितांचे लोंढे नाब्लुसमध्ये आले, आणि त्या उलथापालथीत घरांच्या भिंतीही सैल झाल्या. पहिला संग्रह १९५२ चा. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘दिवसांच्या सोबतीत एकटी’ असा होतो. राजकीय म्हणून ओळखली जाणारी कविता आली ती १९६७ च्या युद्धानंतर.

वडिलांची मागणी केवळ जुलमी म्हणून सोडून देता येत नाही. तीत कवितेविषयीची एक धारणा आहे. राजकीय कविता हा एक सूर आहे, तो भावाकडून बहिणीकडे वारशाने जाऊ शकतो आणि गाणाऱ्याच्या देहाची स्थिती काय आहे याच्याशी त्या सुराचा संबंध नाही, अशी ती धारणा. आपल्याकडील बांधिलकीच्या चर्चेतही ही धारणा अनेकदा गृहीत धरलेली दिसते.

मराठीच्या बाबतीत हा मुद्दा व्याकरणातून पाहता येईल. मराठीत प्रथमपुरुषी एकवचनात क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग उघड करते. ‘मी जातो’, ‘मी जाते’. ‘मी आलो’, ‘मी आले’. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी येतो’ म्हणतात तो निराळा आणि गोड विषय आहे.) परंतु अनेकवचनात हा भेद नाहीसा होतो. पुरुषही ‘आम्ही जातो’, ‘आम्ही आलो’ म्हणतात आणि केवळ बायकांचा जथा असला तरी त्याही तेच म्हणतात. एखादे विशेषण आले, ‘आम्ही उभ्या राहिलो’ असे म्हणावे लागले, तरच खूण पटते. शाहिरी, जाहीरनामा, मोर्चाचे गाणे हे सारे प्रकार ‘आम्ही’चे आहेत. तेथे स्त्रीला वगळलेले नसते, पण ती ऐकूही येत नाही. हा दोष कोणा कवीचा नाही, भाषेने दिलेली ती सोय आहे. पण चळवळीच्या कवितेने त्या सोयीचा फारसा विचार केला नाही, एवढे म्हणावेच लागते.

आणि जेथे स्त्री ठळकपणे दिसते तेथे ती बहुधा बोलणारी नसते. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही लावणी घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील ही विलक्षण सामर्थ्यशाली रचना, अमर शेखांच्याच कलापथकाच्या परंपरेतली. मुंबईला पोटासाठी आलेला पुरुष बोलतो आणि गावी राहिलेली मैना पाहता पाहता महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी मुलखाची प्रतिमा होते. विरहाचे राजकारणात रूपांतर करणारी ही युक्ती अजोड आहे, त्याविषयी दुमत नाही. परंतु तीत स्त्रीने भूमी व्हायचे आणि वाट पाहायची. पॅलेस्टिनी काव्यातही हेच दिसते. महमूद दरवेश यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच ‘पॅलेस्टाईनचा प्रियकर’ अशा अर्थाचे आहे; देश प्रेयसी, कवी प्रियकर. या पार्श्वभूमीवर अमर शेखांच्या कन्येच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘वाळूचा प्रियकर’ असावे हे मला सूचक वाटते. येथे जमीन स्त्री नाही. भूमीशी जोडला गेला आहे तो प्रियकर, आणि तोही पाय न ठरणाऱ्या, मुठीतून निसटणाऱ्या वाळूचा. केवळ शीर्षकावर फार भार टाकू नये हे मान्य. शिवाय तो संग्रह बाविशीतल्या कवयित्रीचा आहे. त्यात प्रतिमांची गर्दी आहे, काही ठिकाणी प्रतिमाच कवितेला ओढत नेते. पण बोलणारी कोण आणि जिच्याविषयी बोलले जाते ती कोण, यांच्या जागा त्यात बदलल्या आहेत, हे शीर्षकापासून जाणवते.

मल्लिका यांनी वडिलांची शाहिरी लय घेतली नाही, मुक्तछंद घेतला, याची कारणमीमांसा ‘काळ बदलला’ एवढ्यावर थांबवता येणार नाही. शाहिरी ही समोर जमाव असल्याचे गृहीत धरते. ज्या अनुभवाला जमावापुढे उच्चारच नाही, किंबहुना ज्याचा उच्चार जमावाशी केलेला द्रोह ठरतो, त्याला ती लय उपयोगाची नाही. आत्मकथनात मल्लिका यांनी विवाहातील मारहाण, आजार, पैशाची ओढाताण, मूल हातचे जाण्याची भीती हे सारे लिहिले. ते लिहिणे आणि ‘आम्ही’च्या बाहेर पाऊल टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

या पुस्तकाच्या नावाकडे आपण नीट पाहिलेले नाही. ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय.’ कर्ता चतुर्थीत आहे, क्रियापद नपुंसकलिंगी. मराठीत स्त्रीला आपले लिंग न सांगता आपल्याविषयी बोलण्याची जी थोडी स्थळे आहेत त्यांपैकी हे एक. पुस्तकात पानोपानी ‘ते’कारान्त, ‘ले’कारान्त क्रियापदे, आणि मुखपृष्ठावर मात्र लिंगखूण नसलेले हे वाक्य. दुसरे असे की, उद्ध्वस्त होते ते घर, गाव, शहर. माणूस खचतो, मोडतो, संपतो; ‘उद्ध्वस्त’ हे विशेषण त्याच्यापर्यंत येते ते वास्तूवरून. आणि ‘व्हायचंय’ हे होणे आहे, करणे नाही. जेरी पिंटो यांनी २०१६ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादाचे शीर्षक मराठीत उलटून सांगायचे तर ‘मला स्वतःला नष्ट करायचे आहे’ असे होते. अनुवाद आस्थेने केलेला आहे आणि त्याने हे पुस्तक नव्या वाचकांपर्यंत नेले. पण या बदलात ‘होणे’ जाऊन ‘करणे’ आले. कर्ता आणि कर्म एकच झाले. म्हणजे आत्मनाशाची इच्छा. मूळ शीर्षकात मोडतोडीचा कर्ता मोकळा ठेवला आहे. कोणी उद्ध्वस्त केले हे ते वाक्य सांगत नाही, आणि न सांगण्यातच त्याची धार आहे.

मल्लिका यांच्या पुस्तकानंतर एका वर्षाने, १९८५ मध्ये, तुकान यांची आत्मकथा अरबीत पुस्तकरूपाने आली. तिच्या नावाचा अर्थ ‘डोंगराळ प्रवास, खडतर प्रवास’. दोघींना एकमेकींची वार्ता असण्याचे कारण नाही, आणि समांतरता दाखवून मी प्रभाव सुचवू इच्छीत नाही. दोघींच्या परिस्थितीत मोठा फरकही आहे. फदवाला घराने कोंडले. मल्लिकाला घराने लाडाने, मोकळेपणाने वाढवले, प्रेमविवाह करू दिला. तिच्याभोवती भिंती आल्या त्या नंतर, आणि त्या क्रांतीची भाषा बोलणाऱ्या घराच्या होत्या. कोंडणारा सनातनी असला की स्त्रीवादी विश्लेषण सोपे जाते. मल्लिका यांचे उदाहरण ते अवघड करते. ज्या १९७६ साली ढसाळांनी ‘प्रियदर्शिनी’ ही दीर्घ कविता देशाच्या पंतप्रधान असलेल्या एका स्त्रीवर लिहिली, त्याच दशकात त्यांच्या घरातील स्त्री आपल्या आयुष्याचे काय झाले हे नोंदवण्याच्या दिशेने चालली होती. हा विरोधाभास मी ढसाळांच्या कवितेची प्रत ठरवण्यासाठी मांडत नाही. ‘गोलपिठा’चे श्रेष्ठत्व त्याने तसूभरही कमी होत नाही.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो हलका नाही. मल्लिका यांच्या आत्मकथनाचा सवर्ण मध्यमवर्गीय वाचकाने केलेला स्वीकार संशयास्पद आहे. पँथरच्या नेत्याचे घर उघडे पडल्याचे समाधान त्यात मिसळलेले आहे. आपल्याच घरातील पडदे न सरकवणाऱ्याला दुसऱ्याच्या माजघरात डोकावण्याची ही संधी मिळाली, असे दलित चळवळीच्या बाजूने म्हणता येते. मला यात तथ्य दिसते. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा मुद्दा मांडला तेव्हा बाहेरून त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांविषयीचा हाच सावधपणा त्यामागे होता. त्यात मल्लिका जन्माने दलित नव्हेत. मुसलमान वडील, हिंदू आई, कम्युनिस्ट घर. १९९० मध्ये सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्या प्रवाहातही त्या सहजपणे बसत नाहीत. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष पुस्तक बाजूला ठेवावे हा नसून ते कसे वाचावे हा आहे. घराची कहाणी म्हणून वाचले तर चवीने वाचणाऱ्याचे फावते. राजकीय संहिता म्हणून, म्हणजे ‘आम्ही’ या सर्वनामाची चिकित्सा म्हणून वाचले, तर ती चिकित्सा सवर्ण वाचकाच्या घरालाही चुकत नाही.

आणि ही चिकित्सा चळवळीच्या आतूनही झालेली आहे. हिरा बनसोडे यांची ‘यशोधरा’ ही कविता बुद्धाच्या पत्नीला उद्देशून आहे. बुद्धावरील श्रद्धा न सोडता त्याच्या प्रकाशामागे राहिलेल्या स्त्रीकडे ती पाहते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास १९८९ मध्ये सिद्ध केला, त्याचे नाव ‘आम्हीही इतिहास घडवला’. त्यातील ‘ही’ महत्त्वाचा आहे. ‘आम्ही’ हे रूप उभयलिंगी असल्याने स्त्रियांना त्यात आपली उपस्थिती सांगण्यासाठी एक अव्यय जोडावे लागले. ऊर्मिला पवार आमच्या रत्नागिरी तालुक्यातील फणसवळ्याच्या. ‘आयदान’मध्ये (२००३) त्यांनी आईचे बांबूचे विणकाम आणि आपले लेखन यांची सांगड घातली, तसेच आपल्या शिक्षणाला घरातून झालेला विरोधही लिहिला. चळवळीविषयीची निष्ठा आणि चळवळीतील घराविषयीचे सत्य एकाच पुस्तकात नांदू शकतात, हे त्यातून दिसते. माझ्या विद्यार्थ्यांना ‘आयदान’ लगेच जवळचे वाटते, मल्लिका यांची कविता वाटत नाही. एक कारण प्रदेशाचे, दुसरे ती महानगराची आहे हे.

‘महानगर’विषयी येथे थोडेच लिहितो, कारण त्याला स्वतंत्र लेख हवा. मराठी कवितेतील मुंबई मर्ढेकरांपासून सुर्वे, ढसाळांपर्यंत पुरुषाच्या पायांनी फिरलेली आहे. रात्री-अपरात्री हिंडण्याची मुभा हेच त्या दर्शनाचे साधन. ‘गोलपिठा’तील मंदाकिनी पाटीलविषयीची कविता करुणेने ओथंबलेली आहे, तरी तेथेही स्त्री संबोधनाची धनी आहे, दृष्टीची नाही. ‘महानगर’मध्ये शहर पाहणारी स्त्री आहे. शहर तिच्याकडे कसे पाहते याचेही भान तिला आहे. सत्ता, पैसा, देह यांची उलाढाल तिला घर आणि रस्ता अशी विभागून दिसत नाही. मला या कवितेतील राजकारण दिसते ते नेत्यांच्या वा पक्षांच्या उल्लेखांत नव्हे, तर या न विभागण्यात. काही कविता वक्तृत्वाकडे झुकतात, तेथे त्या दुबळ्या होतात. नेमक्या त्याच ठिकाणी त्या रूढ अर्थाने अधिक ‘राजकीय’ असतात, हा योगायोग मानता येणार नाही.

तुकान यांच्या बाबतीत समीक्षेने काय केले तेही पाहण्याजोगे आहे. १९६७ नंतर त्या राष्ट्रकवयित्री ठरल्या. त्यांची एक कविता कित्येक लढवय्ये निर्माण करते, अशा अर्थाचे एक विधान मोशे दायान यांच्या नावावर सांगितले जाते आणि ते कौतुकाने उद्धृत होते. त्यापूर्वीची प्रेमाची, एकटेपणाची कविता मग पूर्वतयारी म्हणून वाचली गेली. मराठीत नेमके उलट झाले. मल्लिका यांचे ‘खाजगी’ पुस्तक एवढे गाजले की नंतरची कविता त्याच्या सावलीत गेली. दोन्हीकडे एकाच लेखिकेचे दोन तुकडे केले गेले, फक्त ठेवून घेतलेला तुकडा निराळा. भिंतींच्या आत राजकीय कविता लिहिता आली नाही, हे तुकान यांचे निवेदन त्यांच्या १९६७ नंतरच्या कवितेइतकेच राजकीय आहे, असे मानले तर हे तुकडे करण्याची गरज उरत नाही.

याच सुमारास वर्गात तुकान यांची ‘मी रडणार नाही’ अशा नावाची १९६८ ची कविता आम्ही इंग्रजीवरून मराठीत आणण्याचा प्रयत्न केला. याफाच्या पडक्या घरांपुढे उभे राहून प्रतिकाराची कविता लिहिणाऱ्या कवींना उद्देशून ती लिहिलेली आहे. प्राचीन अरबी कसीद्यात प्रेयसीच्या उठून गेलेल्या मुक्कामाच्या खुणांपाशी कवी थांबतो, सोबत्यांना थांबवतो आणि रडतो. हा संकेत इम्रुल कैसपासूनचा, आणि थांबणारा तो नेहमी पुरुष. तुकान यांनी तो संकेत उद्ध्वस्त शहरासाठी वापरला. शीर्षकाशी आम्ही अडलो नाही. ‘रडणार नाही’ या रूपात मराठीतही लिंग दिसत नाही, निर्धार पुरुषाचा की स्त्रीचा हे कळत नाही. अडलो ते आरंभीच, जेथे ती थांबल्याचे सांगते. अरबीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नाही. त्या जुन्या संकेतात ती वेगळी न दिसता उभी राहू शकते. मराठीत ही सवलत नाही. एकाने ‘उभा राहिलो’ असे लिहून आणले होते. परंपरेचा आवाज पुरुषाचा आहे, तो तसाच ठेवावा, असे त्याचे म्हणणे, आणि ते अगदीच अविचाराचे नव्हते. दुसऱ्याने ‘आम्ही थांबलो’ असे करून प्रश्नच टाळला. राजीवड्याच्या त्या विद्यार्थिनीने दोन्ही वह्या पाहिल्या आणि फळ्यावर ‘मी उभी राहिले’ असे लिहिले. मग पुढच्या ओळीतील क्रियापदांवर चर्चा सुरू झाली. ती त्या तासात संपली नाही.